एंगेलच्या लग्नाचं बोलावणं

न्यू हाल्टेनबेक, मिझूरी
ऑक्टोबरची अखेर, १८५८

तीर्थस्वरूप गेझिनाअक्कास,

समुद्राच्या या अंगाकडून, टोपी छातीशी धरून, धाकट्या एबरहार्डचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतंस की माळ्यावर सफरचंदं ठेवायला चढतेस तेव्हा जिना जास्त वाजतो की गुडघा, हे तुझं तुलाच कळत नाही. अक्का, सफरचंदं खाली ठेव. (मात्र माळ्यावरच्या त्या वासाची आठवण काढलीस, त्या दिवशी मी जेवलो नाही. सुनेला वाटलं, सूप खारट झालं.) भावोजींच्या थडग्यावर बॉक्सवुडचं झुडूप लावलंस, ते बरं केलंस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे जिवंत आहोत, सगळेच्या सगळे, एकूण एक. हे मी एवढं ठासून का लिहितोय ते पुढे कळेल. यॉब्स्टचा मका बरा आला. डुकरं इतकी लठ्ठ झालीत की त्यांना ओक झाडाखाली न्यायचं तर ओकच त्यांच्याकडे आणावा लागेल. सूनबाई फ्रिडेरिका धडधाकट आहे आणि माझ्यावर नेहमीपेक्षा थोडी जास्त रागावली आहे. माझा वरचा पुढचा दात पडला, त्यामुळे मोठ्याने कविता म्हणताना वारा मध्येच निघून जातो. बाकी तक्रार नाही.

इथली पानगळ मी तुला कधी नीट सांगितली नाही. आपल्याकडे पानं पिवळी होतात, गुमान खाली येतात, जशी चर्चमध्ये उशिरा आलेली माणसं मागच्या बाकावर बसतात. इथं झाडं लालभडक होतात, अंगावर येतात, जत्रेतल्या गारुड्यासारखी ओरडतात. एवढ्या वर्षांत मला त्याची सवय झाली नाही. ते लाल रंग बघून डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलं की आपला ओढा दिसतो, त्यावरचा फळकुटांचा पूल दिसतो, आणि पुलावर उभे राहून आम्हाला कविता पाठ करायला लावणारे हेलमिख मास्तर दिसतात. (ते छडीने ताल धरायचे. मला अजून कुठलीही चांगली ओळ ऐकली की तळहात आपोआप झोंबतो.) या पत्रात जे काही वाईट घडलेलं तू वाचशील, त्याचं मूळ त्या पुलावर आहे असं मला वाटतं. फ्रिडेरिकाचं म्हणणं, त्याचं मूळ माझ्या डोक्यात आहे.

तर, एंगेलचं लग्न झालं नाही.

पेज ढवळणं थांबव, अक्का, आणि खाली बस. एंगेल म्हणजे यॉब्स्टची थोरली, माझी नात. तिच्या लग्नासाठी तू लाल रेशमी फीत पाठवली होतीस. नवरामुलगा ल्यूडर काम्पमायर, तुमच्या शेजारच्या वेल्पे गावचा. विधवा काम्पमायरीण तुला ठाऊक असेलच, तिचा हा मुलगा. पोरगा सोन्यासारखा. नदीकाठच्या धक्क्यावर लाकडाच्या वखारीत काम करायचा, बोटींना सरपण भरून द्यायचा, आणि रविवारी आमच्या ओसरीवर बसून माझ्याकडून कविता ऐकायचा. या संपूर्ण मिझूरीत माझी कविता शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटा होता. (एंगेल म्हणते, तो ऐकत नव्हता, तिच्याकडे बघत होता. असेल. पण बसून तर होता.) तर हा मुलगा बोटीत बसून, रडत, तुमच्या दिशेने निघून गेला आहे. कारण त्याला कळलं की एंगेल वारली. एंगेल वारलेली नाही. ती आत्ता माझ्या मागे कोबी चिरते आहे, आणि सुरीचा आवाज मला मुद्दाम ऐकू येईल असा करते आहे. ती वारली ही बातमी गावभर मी पोचवली. तसा एक शब्दही मी उच्चारला नाही. मी लग्नाचं बोलावणं करायला गेलो होतो.

आपल्या गावी लग्नाचं बोलावणं करणारा वेगळा होता आणि मयतीचा सांगावा नेणारा वेगळा, हे तुला आठवत असेल. इथं माणसं थोडी, घरं लांब लांब, म्हणून दोन्ही कामं एकटा हार्म ड्रोगे करतो. काठी तीच, काळा कोट तोच, टोपीही तीच. फरक रीतीत. लग्न असलं तर काठीला लाल फीत बांधून जायचं, घरात शिरून चुलीपाशी बसायचं, बोलावण्याचं गाणं म्हणायचं, घरधन्याने दिलेला पेला रिकामा करायचा, मग घरची बाई टोपीला आपल्याकडची एक फीत बांधते. मयत असली तर काठी मोकळी. उंबरा ओलांडायचा नाही, बसायचं नाही, घोटभरही प्यायचं नाही. सांगून झालं की मागे न बघता पुढच्या घरी जायचं. आणि घरच्यांनी उलट प्रश्न करायचा नाही. केला तर तोच सांगावा उद्या आपल्या दारी येतो असं सगळे मानतात. (मीही मानतो. हसू नकोस. तूही मानतेस.)

यंदा ड्रोगेचा पाय सुजला. त्याला पायाचा अंगठासुद्धा टेकवता येईना. स्वयंपाकघरात बैठक बसली. फ्रिडेरिकाचं मत की त्याला गाडीत घालून फिरवावं. यॉब्स्ट म्हणाला, फिरवा, पण त्याला पेले देऊ नका, कारण मागच्या लग्नाच्या वेळी ड्रोगे शेवटच्या घरी पोचला तेव्हा त्याने मेटकांपांच्या गोठ्यात जाऊन गाईला सहकुटुंब बोलावलं होतं. तेव्हा मी उभा राहिलो. मी म्हणालो, आपल्या नातीचं बोलावणं मी करतो.

घरात जी शांतता पसरली ती आनंदाची आहे असं मी समजलो.

"मामंजी," फ्रिडेरिका म्हणाली, "तुम्ही सगळं सांगाल आणि वार सांगायचा विसराल."

मी तिला क्षमा केली. ती बिचारी ड्रोगेच्या गाण्यावर वाढलेली. ते गाणं म्हणजे गुरुवारी या, सुरी-चमचा आपापला आणा, पोट रिकामं ठेवून या, भांडण घरी ठेवून या, सूप तिखट आहे आणि वधू जाड आहे. याला काव्य म्हणायचं? हेलमिख मास्तरांनी छडी मोडली असती. माझ्याकडे माझी स्वतःची कविता तयार होती. बारा कडवी. कैक हिवाळे मी ती मनात घोळवत होतो, डुकरांना खाणं घालताना म्हणत होतो (डुकरं फार गंभीर होऊन ऐकतात), आणि आपल्या रक्तातल्या कुणाच्या तरी लग्नात ती म्हणायची असा माझा बेत होता. पहिली अकरा कडवी पानगळीवर, आपल्या गावावर, ओढ्यावर, घंटेवर आणि गेलेल्या दिवसांवर आहेत. बाराव्या कडव्यात लग्न आहे, एंगेलचं नाव आहे, गुरुवार आहे. उत्तम कवितेत मुख्य गोष्ट शेवटी येते. पहिलं कडवं तुला लिहून दाखवतो, म्हणजे तूच न्याय कर:

ओढ्याकाठी पान गळाले, ऊन निघाले मागे,
आठवणींच्या उंबरठ्यावर मन एकटे जागे;
घंटा वाजे दूर कुठेशी, वारा येई गार,
उघडा, शेजाऱ्यांनो, उघडा काळजाचे दार.

यात मरणाचा शब्द कुठे आहे का? नाही. हे मी यॉब्स्टलाही दाखवून दिलं. तो म्हणाला, "बाबा, यात लग्नाचाही कुठे आहे?"

निघताना फ्रिडेरिकाने माझ्याकडून एकच वचन घेतलं, की प्यायचं नाही. गाईची गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती. मी वचन दिलं, आणि अक्का, मी ते पाळलं. काठीला तिने तू पाठवलेली लाल फीत बांधली. मी वळणापर्यंत गेलो आणि भुरभुर पाऊस लागला. बघतो तर फितीचा रंग सुटून काठीवरून माझ्या बाहीवर उतरायला लागलेला. आता तूच सांग. जी फीत तू आपल्या हाताने घडी घालून पाठवलीस, जिच्या घडीत आपल्या कपाटातल्या लॅव्हेंडरचा वास अजून होता (मी ती पुन्हा पुन्हा हुंगत होतो म्हणून फ्रिडेरिकाने ती माझ्यापासून लपवून ठेवली होती), ती मी पावसात भिजू देऊ? मी ती सोडली, रुमालात गुंडाळली आणि आतल्या खिशात काळजाजवळ ठेवली. उघाड पडली की बांधू, असं ठरवलं. उघाड पडली नाही. बुटांना घोट्यापर्यंत चिखल लागला होता, तेव्हा लोकांच्या घासलेल्या फरशीवर कशाला जावं म्हणून मी प्रत्येक घरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. म्हणजे बघ, काठी मोकळी ठेवली ती तुझ्या प्रेमाखातर, बाहेर थांबलो ते सभ्यपणाखातर, पेला नाकारला तो दिल्या शब्दाखातर. माझ्या हातून त्या दिवशी एकही वाईट गोष्ट झाली नाही. सगळ्या चांगल्या गोष्टी एकाच दिवशी झाल्या, एवढंच.

आणि मी रडलो. हेही सांगून टाकतो. पहिल्याच घरी, मेटकांपांच्या दारात, दुसऱ्या कडव्यातल्या पुलावर आलो आणि माझा आवाज फुटला. मेटकांपीण लोणी घुसळत होती. तिने रवी सोडली, एप्रन तोंडाला लावला आणि खांबाला टेकून मुसमुसायला लागली. मेटकांप धिप्पाड माणूस, त्याने टोपी काढली, चुलीकडे पाठ केली. अक्का, आयुष्यभर मी लोकांना कविता ऐकवल्या आणि आयुष्यभर लोकांना त्याच वेळी गाईची धार काढायची आठवण झाली. आणि आज एक बाई माझ्या दुसऱ्या कडव्यावर रडते आहे. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी ती म्हणाली, "पुरे, एबरहार्डदादा, पुरे. आम्ही येतो. आजच येतो." आज नव्हे, गुरुवारी, असं मी सांगायला हवं होतं. पण एवढ्या भारावलेल्या श्रोत्याला वाराची दुरुस्ती सुचवायची हे मला कोतेपणाचं वाटलं.

पुढच्या घरी सुतार श्ट्यूवे. हा माणूस एरवी लाकडाखेरीज कशावर बोलत नाही. मी दुसऱ्या कडव्यात असतानाच त्याने मान हलवली, आपल्या कामाच्या खोलीत गेला आणि आतून करवतीचा आवाज यायला लागला. मला वाटलं, लग्नाची पेटी करायला घेतली. किती सहृदय माणूस, असं मी मनात म्हटलं. उरलेली कडवी त्याच्या कुत्र्याला ऐकवावी का, असा विचार आला. पण कुत्राही आत गेला होता.

त्याच्यापुढे फोगेलसांग. त्याचं आणि माझं कुंपणावरून किती वर्षं बोलणं बंद होतं हे तुला मी दर पत्रात लिहितो, तेव्हा पुन्हा लिहीत नाही. पण बोलावणं सगळ्यांना करायचं असतं. एक घर गाळलं तर ते घर पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाही. त्याने दार उघडलं, माझ्या मोकळ्या काठीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "जाऊ दे आता ते सगळं. कुंपण तू म्हणतोस तिथं घे." मी एक ओळही म्हटली नव्हती, अक्का. मला वाटलं, माझ्या कवितेची कीर्ती माझ्यापुढे धावते आहे.

असा मी घरामागून घर करत, कुठे दोन कडवी, कुठे तीन, नदीच्या धक्क्यापाशी आलो. बाराव्या कडव्यापर्यंत त्या दिवशी मला कुणीच जाऊ दिलं नाही.

धक्क्यावर बोट लागली होती आणि ल्यूडर तिच्यावर सरपण चढवत होता. वरपक्षाला वधूकडच्या बोलावणेकऱ्याने बोलवायचं नसतं, त्यामुळे त्याला कविता म्हणून दाखवायचा प्रश्न नव्हता. पण तो खांद्यावर ओंडके घेऊन, भिजलेले केस कपाळावर, माझ्याकडे बघून हसला, आणि मला तुझ्या लग्नाची सकाळ आठवली, मग माझ्या स्वतःच्या लग्नाची, मग माझी बायको आठवली, जी आता इथल्या मातीत आहे आणि जिला ही माती कधी आवडली नाही. माझ्याने बोलवेना. मी त्याच्या गळ्यात पडलो, त्याच्या ओल्या शर्टावर डोकं टेकून रडलो, पाठीवर थोपटलं आणि निघून गेलो. मागे वळूनही पाहिलं नाही, कारण मागे वळून पाहिलं असतं तर आणखी रडलो असतो.

मला त्या क्षणी इतकं बरं वाटत होतं, अक्का. सबंध गाव माझ्याबरोबर रडलं, वैरी मित्र झाला, आणि नातजावयाला मी मिठी मारली. या परक्या देशात उभं आयुष्य काढून पहिल्यांदाच मला वाटलं की मी घरी आहे.

घरी पोचलो तेव्हा उजेड अजून होता. फ्रिडेरिका एंगेलला आपल्या रीतीचा लग्नाचा काळा झगा घालून स्टुलावर उभी करून कंबरेला टाचण्या लावत होती. एवढ्यात अंगणात गाड्यांचे आवाज. बघतो तर मेटकांप, मेटकांपीण, फोगेलसांग, त्यांची मुलंबाळं, सगळे काळ्या कपड्यांत, बायकांच्या हातात मयतीला न्यायचा मनुकांचा पाव. सगळ्यांच्या पुढे श्ट्यूवे, हातात मापाची दोरी. फ्रिडेरिकाच्या तोंडात टाचण्या, म्हणून तिला बोलता येईना. एंगेल तशीच झगा सावरत दाराशी गेली आणि तिने दार उघडलं.

श्ट्यूवे भला माणूस, पण खाली बघून बोलतो. तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "देव तुम्हाला बळ देवो. ती कुठे निजली आहे? मी फक्त लांबी घेतो, कुणाला त्रास देणार नाही."

"कुणाची लांबी, श्ट्यूवेकाका?"

"एंगेलची, बाळ," तो म्हणाला, आणि मग त्याने वर पाहिलं.

आपल्याकडे बाईला तिच्या लग्नाच्याच झग्यात पुरतात, तुला ठाऊकच आहे. समोर ती त्या झग्यात उभी, टाचण्यांच्या भीतीने पांढरी पडलेली. श्ट्यूवे उभाच्या उभा मागे पडला, तो मेटकांपिणीच्या पावावर. मेटकांपीण इतकी किंचाळली की आमचे हंस कुंपण ओलांडून गेले, ते यॉब्स्टला दुसऱ्या दिवशी सापडले. यानंतरचं मी नीट सांगू शकत नाही, कारण सगळे एकदम बोलत होते आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे होती. सगळे एंगेलच्या लग्नाच्या बोलावण्याची वाट बघत होते, आणि तिचाच आजोबा मोकळी काठी घेऊन दारात रडला, तेव्हा गेली ती एंगेलच असं त्यांनी धरलं होतं. मी खिशातून फीत काढून दाखवली. फीत बघून मेटकांपीण पुन्हा रडली, पण आता वेगळं. फोगेलसांगने टोपी घातली आणि म्हणाला की त्याच्याकडून क्षमा फसवून घेतली गेली, म्हणून ती तो परत घेतो आहे, कुंपणासकट. श्ट्यूवेने कापलेल्या फळ्या आणल्याच होत्या. त्या परत नेणं अपशकुनी, म्हणून तो त्या अंगणात टाकून गेला. यॉब्स्टने त्यांची डुकरांसाठी गव्हाण केली. चांगली झाली आहे.

एकदोघांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की मयतीचा सांगावा इतका सुंदर त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, आणि त्यांची वेळ येईल तेव्हा ड्रोगेऐवजी मीच यावं. हे मी फ्रिडेरिकाला अजून सांगितलेलं नाही.

मग सगळे हसले, आणि हसणं संपत आलं तेव्हा एंगेलनेच विचारलं, ल्यूडर कुठे आहे. सगळं गाव आलं आणि तो आला नाही. यॉब्स्ट तसाच घोड्यावर धक्क्याला गेला. वखारवाल्याने सांगितलं की म्हातारा गळ्यात पडून रडून गेल्यावर पोरगा बराच वेळ ओंडका खांद्यावर धरून उभाच राहिला, मग तिथून जाणाऱ्या मेटकांपांच्या गड्याला त्याने विचारलं की कोण गेलं. गड्याने सांगितलं. बोट सुटायला आली होती. ल्यूडरने ओंडका खाली ठेवला आणि वखारवाल्यापाशी निरोप ठेवला: "तिला मातीत जाताना मला बघवणार नाही. मी आईकडे चाललो." आणि होता तसा, ओल्या शर्टानिशी, बोटीत चढला. यॉब्स्ट सेंट लुईपर्यंत गेला. तिथं कळलं की तो नदीने खाली जाणाऱ्या बोटीने न्यू ऑर्लिन्सला गेला, आणि तिथून ब्रेमेनला जाणाऱ्या शिडाच्या जहाजात खलाशांच्या हाताखाली काम करून जाणार आहे.

त्या दिवसापासून घरात कुणी मला ओरडलेलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. फ्रिडेरिका माझ्यापुढे सूप ठेवते आणि चमचा सरळ लावते, जसा आजाऱ्याला लावतात. एंगेलने झग्याच्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या आणि झगा उलटा करून कपाटात टांगला. परवा जेवताना तिने विचारलं, "आजोबा, माझं नाव बाराव्या कडव्यात आहे म्हणालात ना?"

"आहे," मी म्हणालो. "फार छान जागी आहे."

"ते पहिल्यात घालायचं होतंत."

एवढंच. पुढे तिने बटाटे सोलले.

मी तेव्हापासून विचार करतो आहे, अक्का. फितीचा, चिखलाचा, पेल्याचा दोष मी देऊन पाहिला. पण खरं असं आहे की मी दारात उभा राहून आपल्या ओढ्याबद्दल बोललो, आणि त्या माणसांना वाटलं कुणीतरी मेलं आहे. ती माणसंही तिकडचीच, त्यांनीही तोच पूल ओलांडलेला. ती उगाच नाही रडली. मग मी एवढी वर्षं ओसरीवर बसून जे म्हणत आलो, ते सगळं घरच्यांना कसं ऐकू येत असेल? बायको दर पानगळीत म्हणायची, "एबरहार्ड, आत ये, दार लाव, थंडी येते." मला वाटायचं ती हवेबद्दल बोलते आहे.

असो. लांबलं. मेणबत्ती वाचवायची म्हणून फ्रिडेरिका दोनदा खाकरली आहे. माळ्यावर चढू नकोस. ओढ्यावरून गेलीस तर थांबू नकोस, थंडी असेल. पण गेलीस तर माझ्याऐवजी पाण्याकडे एकदा बघ. मोठ्यांना नमस्कार लिहायला आता माझ्यापेक्षा मोठं तुझ्याखेरीज कुणी उरलं नाही, तेव्हा सगळे नमस्कार तूच ठेवून घे.

तुझा, अंगाने अमेरिकेत राहणारा,
एबरहार्ड

ता. क. हे मी वर लिहिणार होतो, पण पानगळीतून बाहेर यायला वेळ लागला. पत्र न्यूयॉर्कहून वाफेच्या जहाजाने येतं, आणि ल्यूडर शिडाच्या जहाजाने येतो आहे. म्हणजे पत्र त्याच्याआधी तुझ्या हाती पडेल, असं आमचे पाद्रीबाबा म्हणतात. तेव्हा अक्का, हे वाचलंस की गुडघ्याचा विचार न करता कुणाच्या तरी गाडीतून वेल्पेला जा, काम्पमायरिणीला गाठ, आणि पोरगा दारात पाऊल टाकेल त्या क्षणी त्याला कळू दे की एंगेल जिवंत आहे, वाट बघते आहे, आणि त्याने पहिल्या जहाजाने परत यावं. बाकीचं सगळं पत्र यासाठीच लिहिलं. वाटल्यास आधीची पानं त्याला दाखवू नकोस.

ता. क. दुसरा. भावोजी गेल्यापासून तू काळे कपडे घालतेस. तिकडे जाताना घालू नकोस. निळी शाल घे. दारात उभी राहू नकोस, आत जा, बस, काही दिलं तर पी. आणि पहिलं वाक्य "ती जिवंत आहे" हेच म्हण. प्रस्तावना करू नकोस. आपल्या घराण्यात ती खोड आहे.

ता. क. तिसरा (हा मी लिहिते आहे, आजी, मी एंगेल. आजोबांनी पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं). मी जिवंत आहे हे ल्यूडरला जरूर सांगा, ते त्याला कळायलाच हवं. पण मी वाट बघते आहे असं आजोबांनी लिहिलंय, ते सांगू नका. ते त्यांचं म्हणणं. परत ये असंही म्हणू नका. माझं माणूस गेलं असतं तर मी बोट सोडून धावत आले असते, तो बोट धरून गेला. तरी तो आपणहून निघाला तर अडवू नका. आला की दारातच मी त्याला एक प्रश्न विचारणार आहे. तो काय हे मी तुम्हालाही लिहीत नाही, नाहीतर वाटेत बसून उत्तर पाठ करून येईल. आणि आमच्या घरात पाठ केलेलं बोलणारं एक माणूस आहे, तेवढं पुरे.